सापाची सर्दी परत परत का येते?

सापाला खोकता येत नाही. आमच्या चिंगीला तिसऱ्यांदा श्वासाचा त्रास सुरू झाला, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर घेता घेता हे सांगितलं, आणि मागच्या १४ महिन्यांत आमचं कुठे कुठे चुकलं याचा उलगडा मला तिथेच व्हायला लागला. आपल्या छातीत कफ झाला की आपण खोकतो, खाकरतो, थुंकतो. सापाच्या फुफ्फुसात जे साठलं ते साठलं. औषधाने तो वरवर बरा दिसायला लागतो, जीभ लपलपवतो, उंदीर गिळतो, आणि आत मात्र थोडंसं काहीतरी शिल्लक असतं. दोन महिन्यांनी तेच पुन्हा डोकं वर काढतं. आपण म्हणतो, परत सर्दी झाली. खरं तर ती गेलेलीच नसते.

चिंगी म्हणजे बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला आटोपशीर आकाराचा, बिनविषारी अजगर. आम्ही कोलोरॅडोत राहतो, डेन्व्हरच्या उत्तरेला. मुलीची मैत्रीण शिकायला दुसऱ्या राज्यात गेली आणि तिची ही सात वर्षांची मादी आमच्याकडे आली. अमेरिकेत हा साप पाळणारे खूप आहेत, आता पुण्या-मुंबईतही दिसतात. मी डॉक्टर नाही, म्हणून औषधांची मात्रा इथे लिहिणार नाही. पण हा आजार पुन्हा पुन्हा का उलटतो, हे मला उशिरा समजलं आणि त्याची किंमत चिंगीने मोजली. दुसऱ्या कुणाला ते वेळेत समजावं एवढ्यासाठी हे लिहितोय.

आधी फुफ्फुस समजून घेऊ. सापाचं शरीर निमुळतं आणि लांबलचक, त्यात आपल्यासारखी शेजारी शेजारी दोन फुफ्फुसं मावत नाहीत. नाग, धामण, घोणस यांच्यात डावं फुफ्फुस जवळजवळ नसतंच, उजवंच लांबवर पसरलेलं असतं. अजगर आणि बोआ (अजगरासारखेच भक्ष्याला आवळून मारणारे साप) यांना दोन्ही असतात, पण डावं आखूड. या लांब पिशवीचा पुढचा भाग आतून मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. बारीक बारीक कप्पे आणि त्यांच्याभोवती रक्तवाहिन्यांची जाळी. श्वासाचं खरं काम तिथे चालतं. मागचा भाग म्हणजे पातळ फुगा, हवा भरून ठेवायला. त्याला रक्तपुरवठा बेताचाच. आणि स्राव ओघळून साठतो तो नेमका तिकडे, मागे आणि खाली.

छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल सापाला नसतं. बरगड्यांमधल्या स्नायूंवर त्याचा श्वास चालतो. पोटातून जोर काढून कफ बाहेर उडवायची सोयच त्याच्याकडे नाही. कफ हळूहळू वर सरकवणारे जे सूक्ष्म केस आपल्या श्वासनलिकेत असतात, तेही त्याच्या बाबतीत फारसे उपयोगी पडत नाहीत.

त्यात भर पुवाची. आपलं गळू फुटलं की पू वाहून जातो. सापाच्या शरीरात पू पातळ करणारी रसायनं कमी पडतात, त्यामुळे त्याचा पू घट्ट होतो, कोरड्या पनीरच्या चुऱ्यासारखा. अशा खड्याच्या आत रक्त पोचत नाही, मग रक्तातून येणारं औषध तरी कसं पोचणार? पंधरा दिवसांच्या औषधाने बाजूचा स्राव आटतो, श्वासाचा आवाज थांबतो, घरचे निर्धास्त होतात. खडा आत तसाच राहतो.

साताऱ्याहून आईचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, "सापाला न्युमोनिया होतो होय रे?" मी म्हटलं, आई, नागपंचमीला दारावर गारुडी यायचा आठवतो? त्या नागांना हेच व्हायचं. साप भक्ष्य गिळत असताना त्याचा श्वास चालू राहावा म्हणून त्याच्या श्वासनलिकेचं तोंड घशात खोल नसतं, ते खालच्या जबड्यात अगदी पुढे, जिभेच्या पाठीमागेच असतं. कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला नाग वाटीतलं दूध तोंडात घेतो, त्यातलं काही फुफ्फुसात उतरतं, आणि जे पोटात जातं तेही त्याला पचत नाही. गारुडी पुढच्या गल्लीत जातो, नाग पुढे कधीतरी न्युमोनियाने मरतो. आई बराच वेळ काही बोलली नाही. तिने स्वतःच्या हाताने दूध दिलेलं होतं. मीही दिलेलं होतं. आजारी सापाच्या तोंडात घरच्या घरी सिरिंजने पाणी किंवा औषध सोडणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. ते दार फार पुढे आहे. डॉक्टरांनी नळी घालायला शिकवल्याशिवाय तोंडावाटे थेंबही देऊ नका.

आता आजार ओळखायचा कसा? चिंगीचं पहिलं दुखणं आम्हाला काचेवर दिसलं. तिच्या पेटीच्या पुढच्या काचेवर गोगलगाय फिरून गेल्यासारखे वाळलेले, चकाकते पट्टे होते. मुलीला वाटलं पाण्याचे डाग असतील. त्याच रात्री अकराच्या सुमाराला तिने मला हाक मारली. चिंगी पेटीच्या कोपऱ्यात डोकं उंच धरून, मान ताणून बसली होती. तोंड अगदी किंचित उघडं. नाकपुडीशी साबणाच्या फेसासारखा एक फुगा यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. दर श्वासाला बारीक चर्र असा आवाज, जुन्या फरशीवर पाट सरकवावा तसा. साप डोकं वर धरतो ते जमा झालेल्या स्रावातून श्वासाला वाट मिळावी म्हणून. आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेणारा साप म्हणजे आजार पुढे गेलेला साप. तिथे रविवार-सोमवार बघायचा नसतो.

एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. कात टाकायच्या आधी किंवा नंतर कातेचा तुकडा नाकपुडीत अडकला तर श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो. ती शिट्टी कोरडी असते. फेस नाही, लाळ नाही, तोंड मिटलेलं, आणि कात पूर्ण निघाली की आवाज बंद. नुसतं खाणं सोडलं म्हणूनही घाबरायचं कारण नाही. बॉल पायथन धडधाकट असतानाही काही महिने उपाशी राहू शकतो. उपास आणि वजनातली घट एकत्र दिसली की मात्र सावध व्हायला हवं. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ही माझ्या मते साप पाळणाऱ्याच्या घरातली सगळ्यांत उपयोगी वस्तू आहे.

पहिल्या खेपेला कारण साधं होतं, आणि ते आमच्याच घरातलं होतं. पेटीच्या थर्मोस्टॅटवर आकडा होता ३२ अंश सेल्सियस. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायर, चिकटपट्टी सुटून हीट मॅटवर थेट जाऊन पडली होती. मॅट ३२ झाली की थर्मोस्टॅट वीज तोडायचा. त्यावर भुशाचा थर, त्यावर चिंगी. मी इन्फ्रारेड थर्मामीटर आणून ती बसते तिथे धरला तर २६. हा पेटीचा गरम कोपरा! बाहेर शून्याखाली १५ अंशांची थंडी, घरात रात्री हीटर कमी केलेला, म्हणजे पहाटे ती किती गारठत असेल याचा विचार करवत नाही. बॉल पायथनला गरम बाजूला ३१ ते ३३, थंड बाजूला २५ ते २७ च्या आसपास, आणि रात्रीही २४ च्या खाली जाणार नाही इतकी ऊब लागते.

ऊब म्हणजे सापाचे लाड नव्हेत. आपलं शरीर स्वतःची उष्णता स्वतः तयार करतं, सापाला ती बाहेरून घ्यावी लागते, आणि त्याची रोगाशी लढायची ताकद त्या उष्णतेवरच चालते. १९७५ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. वाळवंटी इग्वाना सरड्यांना एरोमोनास नावाच्या जिवाणूची लागण करून त्यांना ३४ पासून ४२ अंशांपर्यंत वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. गारव्यातले बहुतेक मेले, ४० आणि ४२ अंशांतले बहुतेक वाचले. आपल्याला ताप येतो तो आतून. सरपटणारा प्राणी उन्हात किंवा गरम दगडावर जाऊन ताप आणतो. आपण पेटीत ती गरम जागाच ठेवली नाही तर त्याने ताप आणायचा कुठून? हे आकडे त्या वाळवंटी सरड्याचे आहेत, अजगराला ४० अंशांत ठेवलं तर तो मरेल. आजारी बॉल पायथनला त्याच्या सोसण्याच्या पट्ट्यातली वरची बाजू, म्हणजे ३० च्या थोडं वर, दिवसरात्र मिळाली पाहिजे, आणि नको वाटलं तर सरकायला थोडी थंड जागाही. औषधाचंही तसंच. शरीरात ते किती पसरतं आणि किती वेळाने बाहेर पडतं हे तापमानावर ठरतं. गार सापाला टोचलेलं अँटिबायोटिक अर्धवटच कामाला येतं.

दमटपणाच्या बाबतीत माझी चूक उलट्या दिशेने झाली. कुणीतरी सांगितलं की ओलाव्याने सापाला न्युमोनिया होतो, पेटी कोरडी ठेव. मी पाण्याचं भांडं लहान केलं, नारळाच्या काथ्याचा भुसा काढून कागद घातला. कोलोरॅडोत हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की आपले ओठ फुटतात, आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. आफ्रिकेत हा साप दिवसभर उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो, तिथली हवा उबदार आणि दमट असते. त्याला ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी. कोरड्या हवेत श्वासनलिकेचं अस्तर सुकतं, कफ आणखी घट्ट होतो. बाधतं ते ओलं आणि गार यांचं जोडपं, त्यातही हवा खेळती नसेल तर जास्तच. मलमूत्र वेळेवर काढलं नाही तर बंद पेटीत अमोनिया साठतो, तो अस्तर जाळतो. देवदार आणि पाइनच्या सुवासिक लाकडाचा भुसाही याच कारणाने वापरू नये.

प्रोब नीट बसवला, पेटी गरम झाली, जवळच्या डॉक्टरांनी एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं, चिंगी दहा दिवसांत बरी झाली. चार महिन्यांनी तेच. पुन्हा तेच औषध, पुन्हा दहा दिवस. ते डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर आहेत, त्यांनी मनापासून केलं. पण दोन्ही वेळा आम्ही एक प्रश्न विचारलाच नाही: फुफ्फुसात नेमकं आहे काय? पहिल्या खेपेला अंदाजाने औषध देणं समजू शकतो. दुसऱ्या खेपेला तपासणी न करता तेच औषध देणं चूक आहे, असं आज माझं स्पष्ट मत आहे.

सापाच्या न्युमोनियात बहुतेक वेळा सापडतात ते स्युडोमोनास, एरोमोनास, क्लेबसिएला या गटातले जिवाणू. गंमत अशी की यांतले बरेचसे धडधाकट सापाच्या तोंडातही सुखाने राहत असतात. म्हणून तोंडातून कापसाचा बोळा फिरवून केलेलं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघायची तपासणी, फसवतं, त्यात काहीतरी उगवणारच. नमुना घ्यायचा तो फुफ्फुसातून. तिसऱ्या खेपेला गाडीने तास-दीड तासावरच्या, फक्त पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो, तेव्हा हे मी पहिल्यांदा पाहिलं. सहायकाने चिंगीला सरळ धरलं. बाईंनी प्लॅस्टिकच्या पट्टीने तिचं तोंड उघडलं. जिभेमागे ते छोटंसं दार दर श्वासाला उघडत-मिटत होतं. ते उघडल्या क्षणी त्यांनी एक बारीक, निर्जंतुक नळी आत सरकवली, थोडं सलाइन सोडलं, सहायकाने तिला हलकेच या कुशीवरून त्या कुशीवर केलं, आणि बाईंनी सिरिंजने तेच पाणी परत ओढून घेतलं. गेलं तेव्हा नितळ होतं. आलं तेव्हा तांदळाच्या धुवणासारखं, आणि त्यात पांढरे कण तरंगत होते. चौदा महिने आम्ही ज्याला सर्दी म्हणत होतो ते त्या सिरिंजमध्ये होतं. सगळं दोन मिनिटांत आटोपलं.

त्या पाण्याचे तीन भाग केले. एक सूक्ष्मदर्शकाखाली, पेशी, बुरशी आणि कृमींची अंडी शोधायला. एक कल्चरला, कुठला जिवाणू आहे आणि तो कुठल्या औषधाला दबतो ते बघायला. आणि एक पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूचा अंश आहे का ते शोधायला. एक्स-रेही काढला, पण सुरुवातीचा न्युमोनिया त्यात नीट दिसत नाही. सीटी स्कॅन खूप जास्त दाखवतो. जर्मनीत लाइपझिगच्या पशुवैद्यकांनी तर भारतीय अजगरांच्या फुफ्फुसांचे सीटी काढून निरोगी आणि आजारी फुफ्फुसांतला फरक मोजून ठेवला आहे. आम्हाला खर्च झेपला नाही, म्हणून नाही काढला.

कल्चरमध्ये स्युडोमोनास आला, आणि त्यावर एन्रोफ्लॉक्सासिन चालत नव्हतं. दोन अर्धवट कोर्सनंतर जो जिवाणू मागे उरला तो त्या औषधाला पुरून उरलेलाच असणार, यात नवल काय? बाईंनी सेफ्टाझिडिम हे दुसरं अँटिबायोटिक निवडलं. सापात ते इतकं सावकाश उतरतं की ७२ तासांतून एकदा टोचलं तरी पुरतं. विरघळवलेलं औषध फार दिवस टिकत नाही, म्हणून दवाखान्यातून भरलेल्या सिरिंजा घेऊन आलो आणि फ्रीझरमध्ये ठेवल्या. दर तिसऱ्या दिवशी एक काढायची, मुठीत धरून वितळवायची आणि द्यायची. सुई शरीराच्या पुढच्या भागात, पाठीच्या कण्याच्या बाजूच्या स्नायूत. मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं, तसं झालं तर औषध परस्पर वाया जातं किंवा मूत्रपिंडांना इजा करतं. अमिकासिनसारख्या औषधांत ही भीती जास्त, त्यासोबत सापाच्या अंगात पाणी पुरेसं आहे ना हे बघावंच लागतं. एन्रोफ्लॉक्सासिनचं इंजेक्शन सापाला झोंबतं, पुन्हा पुन्हा दिलं तर तिथलं कातडं आणि स्नायू खराब होतात. चिंगीच्या पाठीवर तसा एक डाग अजून आहे.

जोडीला नेब्युलायझर. आपल्याकडे लहान मुलांना दमा असला की वापरतात तोच. झाकणाला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात चिंगीला ठेवायचं, सलाइनचा धुक्यासारखा फवारा २० मिनिटं सोडायचा. याने घट्ट स्राव सैल होतो. पहिल्या दिवशी ती डब्यात अस्वस्थपणे फिरत राहिली, तिसऱ्या दिवसापासून वेटोळं करून शांत पडायला लागली. गरम पाण्याच्या भांड्याची वाफ देऊ नका, भाजतं.

आणि कालावधी. कित्येक आठवडे, कधी दीड-दोन महिने. आवाज थांबला म्हणून औषध थांबवायचं नाही. शक्य असेल तर शेवटी फुफ्फुसाचं पाणी पुन्हा काढून बघायचं. आमचं दुसऱ्या वेळचं पाणी नितळ आलं तेव्हा मुलीने ती सिरिंज उजेडासमोर धरून कितीतरी वेळ पाहिली.

इथपर्यंत गोष्ट जिवाणूंची झाली. पण एवढं करूनही परत परत उलटतं तेव्हा, अजगर असेल तर खास करून, विषाणूचा विचार करावाच लागतो. इथे बरीच घरं थांबतात, कारण उत्तर नकोसं असतं.

बॉल पायथनांमध्ये अँटिबायोटिकला न जुमानणारा न्युमोनिया पाळणाऱ्यांना आणि डॉक्टरांना बरीच वर्षं दिसत होता, कारण सापडत नव्हतं. २०१४ साली अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये वेगवेगळ्या गटांना अशा अजगरांत एक नवाच विषाणू सापडला. अमेरिकेतल्यांना तो बॉल पायथनांत मिळाला. नेदरलँड्समधल्यांना मिळाला तो न्युमोनियाने सडलेल्या एका फुफ्फुसात, आणि ते फुफ्फुस होतं भारतीय अजगराचं, आपल्या सह्याद्रीत सापडतो त्याच जातीचं. निडोव्हायरस म्हणून तो ओळखला जातो, आता सर्पेंटोव्हायरस हे नावही रुळलंय. कोरोना विषाणूंशी त्याचं लांबचं नातं आहे, गण एकच. माणसाला त्याची लागण झाल्याची नोंद नाही.

नुसता सापडला म्हणजे आजार त्यानेच केला असं होत नाही. ते सिद्ध केलं आमच्याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सच्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिथे निरोगी बॉल पायथनांना या विषाणूची लागण केली आणि काही आठवड्यांत त्यांच्या तोंडात लाली, चिकट स्राव, मग उघड्या तोंडाचा श्वास, अशी सगळी लक्षणं उमटली. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या १२ संग्रहांतले ६३९ साप तपासले होते, त्यातल्या २६ टक्क्यांत विषाणू निघाला. अजगरांत तर त्याहून जास्त, आणि एकदा लागण झालेले साप महिनोन्महिने तो बाळगून होते. काहींना लक्षण काहीच नाही, पण शेजारच्या पेटीला द्यायला समर्थ.

म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या न्युमोनियाचं चित्र असं असू शकतं: विषाणू श्वासनलिकेचं अस्तर खराब करतो, त्या उघड्या जखमेवर स्युडोमोनास येऊन बसतो, अँटिबायोटिक स्युडोमोनासला हाकलतं, अस्तर खराबच राहतं, थोड्या दिवसांनी दुसरा जिवाणू येऊन बसतो. या विषाणूवर आज औषध नाही.

चिंगीचा पीसीआर पॉझिटिव्ह आला. पेटीचा गारठा खरा होता, जिवाणूही खरा होता, आणि त्या दोन्हींच्या खाली हाही होता. ती आमच्याकडे आली तेव्हाच घेऊन आली असावी.

निगेटिव्ह रिपोर्टवर मात्र एकदम विश्वास टाकू नये. विषाणू रोज सारखाच बाहेर पडत नाही, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा तपासावं लागतं. मुलीकडे एक कॉर्न स्नेकही आहे. त्याची तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. तेव्हापासून दोघांच्या खोल्या वेगळ्या, चिमटे वेगळे, पाण्याची भांडी वेगळी. आधी कॉर्न स्नेकचं सगळं उरकायचं, मग चिंगीचं, मग हात धुवून कपडे बदलायचे. नवा साप घरात आणायचा झाला तर किमान ९० दिवस वेगळा, आणि त्या काळात पीसीआर. हे आम्ही चिंगी आली तेव्हा केलं नव्हतं. पॉझिटिव्ह साप विकायचा नाही, द्यायचा नाही, त्याची पिल्लं काढायची नाहीत, प्रदर्शनात न्यायचा नाही. हे पाळणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि पैसे अडकलेत म्हणून ते टाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांच्यामुळेच हा विषाणू घरोघर पोचलाय.

बाकीची कारणंही तपासयादीत असावीत. १९७२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका सर्पालयात फेर-द-लान्स जातीच्या विषारी सापांत साथ आली आणि फेर्लाव्हायरस कळला, तो फुफ्फुस आणि मेंदू दोन्ही धरतो. बोआंमध्ये इन्क्लूजन बॉडी डिसीज हा विषाणूजन्य आजार असला की प्रतिकारशक्ती ढासळून न्युमोनिया मागे लागतो. रानातून पकडलेल्या सापांत फुफ्फुसातले कृमी असू शकतात. आणि खवल्यांखाली, डोळ्यांच्या कडेला दिसणारे काळे ठिपके, म्हणजे सापाच्या माइट्स (गोचिडीसारखे बारीक किडे), रक्त पितात आणि जिवाणूही इकडून तिकडे नेतात. त्या काढल्याशिवाय कुठल्याच उपचाराला यश येत नाही.

भारतात वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आपले देशी साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, मग तो आजारी असो की नसो. फेस आलेली, तोंड उघडून श्वास घेणारी धामण किंवा अजगर दिसला तर महाराष्ट्रात वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बॉल पायथनसारख्या विदेशी जाती पाळणाऱ्यांनी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची आहे. नोंदणी नाही म्हणून डॉक्टरांकडे न्यायला लोक घाबरतात आणि साप घरातच मरतो, तसं होऊ देऊ नका. आणि दुसरी गोष्ट, पुण्यात डिसेंबरच्या रात्री १० अंशांपर्यंत उतरतात, मुंबईत एसी रात्रभर २२ वर चालू असतो. "आपल्याकडे काय, उकाडाच असतो" म्हणून पेटीला हीटर न लावणं हे तिकडचं सर्रास कारण. सापांचे डॉक्टर सगळीकडे मिळत नाहीत. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांकडेच जावं लागलं तर महिन्याभराच्या वजनाच्या नोंदी, पेटीच्या दोन्ही टोकांचं दिवसाचं आणि रात्रीचं तापमान, आणि श्वासाचा व्हिडिओ घेऊन जा, आणि फुफ्फुसातलं पाणी काढून कल्चर करता येईल का, हे स्वतःहून विचारा.

बाईंनी आम्हाला दोन्ही वाटा मोकळेपणाने सांगितल्या. पुढे तिला श्वास घेणंच कष्टाचं झालं तर दयामरणाचा निर्णय घ्यावा लागेल, आणि तो उशिरा घेणं हे तिच्यावर अन्याय करणं ठरेल. तोवर ऊब, दमट हवा, स्वच्छ पेटी, कमीत कमी हाताळणी, आणि पहिला फुगा दिसला की त्याच दिवशी फोन. मुलीने ही सांभाळायची वाट निवडली.

याला आता सात महिने झाले. दर रविवारी सकाळी पोहे व्हायच्या आधी काटा ओट्यावरून तिच्या खोलीत जातो. चिंगी प्लॅस्टिकच्या टोपलीत वेटोळं घालून बसते, आकडा स्थिर व्हायची वाट बघत आम्ही दोघं श्वास रोखून उभे असतो. आजारपणात १४५० ग्रॅमवरून १२९० वर आली होती. गेल्या रविवारी १४१० होती. तोंड मिटलेलं, काच कोरडी.